शैक्षणिक बहुमाध्यमातील शब्द आणि चित्र : अंबरनाथच्या शिवमंदिरावरील पाठाच्या निमित्ताने एक चिकित्सा

सारांश

शब्द आणि चित्र एकत्र आणले की अध्ययन आपोआप सुधारते, असा समज महाविद्यालयीन ई-आशयाच्या निर्मितीमागे पुष्कळदा दिसतो. प्रस्तुत निबंधात रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनाच्या तत्त्वांच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे. चित्रकथी, बालचित्रवाणी आणि अरविंद गुप्ता यांचे लघुपट ही महाराष्ट्रातील तीन उदाहरणे आणि अंबरनाथच्या शिवमंदिरावरील एक पाठ यांच्या आधारे ही तत्त्वे तपासली आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील बहुभाषिक वर्गाला मेयर यांचे पुनरुक्तीचे तत्त्व जसेच्या तसे लागू करता येत नाही. तथापि ते सोडूनही देता येत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : बहुमाध्यम, द्विसंकेतन, बोधनभार, पुनरुक्ती, पारिभाषिक संज्ञा, ई-आशय, अंबरनाथ

१. प्रस्तावना

कला शाखेच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात मंदिरस्थापत्यावरील एक तयार ई-पाठ दाखवण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. पाठ इंग्रजीत होता. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात मंदिराचे छायाचित्र आणि उजव्या अर्ध्या भागात दहा-बारा ओळींचा मजकूर अशी रचना होती. निवेदक तोच मजकूर शब्दशः वाचत होता आणि पार्श्वभूमीला सतारीचे संथ सूर होते. पाठ सुरू होताच बहुतेक विद्यार्थ्यांनी वह्या उघडल्या आणि उजवीकडचा मजकूर उतरवून घेण्यास प्रारंभ केला. ओळी बदलल्या की उतरवणे अपुरे राही, मग शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे सुरू होई. पाठ संपल्यावर छायाचित्रात शिखराचा कोणता भाग दाखवला होता, असे विचारले असता वर्गात शांतता पसरली. चित्र वीस मिनिटे समोर होते, परंतु त्याकडे पाहण्यास कोणाला सवडच मिळाली नव्हती.

हे एका वर्गातील निरीक्षण आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे. परंतु त्यातून उपस्थित होणारा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असावा. वर्गातील विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी सिंधी बोलली जाते, कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी हिंदी. पाठाची भाषा इंग्रजी आणि परीक्षेतील उत्तरे अनेकांची मराठीतून. अशा वर्गात पडद्यावरचा छापील मजकूर हा अडथळा ठरतो की आधार? मजकूर काढून टाकावा, तर विद्यार्थ्याला संज्ञा कळत नाही. ठेवावा, तर चित्र दिसत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय हा पेच आहे.

२. सैद्धांतिक पार्श्वभूमी

शब्द आणि चित्र यांचा अध्यापनात जाणीवपूर्वक मेळ घालण्याची परंपरा संगणकाहून फार जुनी आहे. कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाचे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात चित्रातील प्रत्येक वस्तूला क्रमांक दिलेला असून, तोच क्रमांक लॅटिन आणि जर्मन या दोन्ही भाषांतील मजकुरात त्या वस्तूच्या नावापाशी छापलेला आहे. चित्र एक, भाषा दोन आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणजे क्रमांक, अशी ही साधी योजना आहे. तिच्याकडे पुढे परत यावे लागणार आहे.

विसाव्या शतकात या विषयाला मानसशास्त्राचे अधिष्ठान मिळाले. ॲलन पैव्हिओ यांनी १९७१ साली द्विसंकेतनाची उपपत्ती विस्ताराने मांडली. शाब्दिक आणि प्रतिमारूप माहितीवर मनात दोन भिन्न, परंतु परस्परांशी जोडलेल्या व्यवस्थांमार्फत प्रक्रिया होते, असे तिचे सूत्र आहे. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये क्रियाशील स्मृतीचे प्रारूप मांडले, तर जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून बोधनभाराची उपपत्ती विकसित केली. क्रियाशील स्मृतीची क्षमता मर्यादित असते आणि मांडणी सदोष असेल, तर ती क्षमता विषय समजून घेण्याऐवजी मांडणीशी झगडण्यात खर्च होते, हा स्वेलर यांच्या विचाराचा गाभा होय.

रिचर्ड मेयर यांनी या तीन धाग्यांचे एकत्रीकरण केले. त्यांच्या ‘मल्टिमीडिया लर्निंग’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती २००१ मध्ये व दुसरी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. वीज कशी पडते, वाहनाचा ब्रेक कसा लागतो, हवेचा पंप कसा चालतो, अशा लहान पाठांवरील प्रयोगांतून त्यांनी काही तत्त्वे काढली. त्यांपैकी प्रस्तुत विवेचनास आवश्यक अशी पाच तत्त्वे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) सुसंगती : विषयाशी असंबद्ध शब्द, चित्रे व संगीत वगळल्यास अध्ययन सुधारते.

(आ) सान्निध्य : परस्परांशी संबंधित शब्द आणि चित्र स्थळ व काळ या दोन्ही दृष्टींनी जवळ असावेत.

(इ) संकेतन : कोठे पाहावे हे बाण, रंग, क्रमांक यांनी सुचवावे.

(ई) ज्ञानेंद्रिय-विभागणी : चित्रासोबतचे शब्द छापील असण्यापेक्षा उच्चारित असावेत, म्हणजे डोळा आणि कान यांच्यात भार वाटला जातो.

(उ) पुनरुक्ती : चित्र आणि निवेदन असताना तेच निवेदन छापील स्वरूपात पुन्हा देऊ नये.

प्रास्ताविकात वर्णिलेला पाठ या पाचही तत्त्वांचे उल्लंघन करतो, हे सहज लक्षात येईल. त्यामुळे ‘मजकूर काढा, निवेदन ठेवा, संगीत बंद करा’ असा निर्णय देऊन प्रश्न मिटवण्याचा मोह होतो. परंतु येथे मेयर यांच्या प्रयोगांचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. त्यांतील सहभागी प्रामुख्याने अमेरिकी विद्यापीठातील विद्यार्थी होते, पाठ काही मिनिटांचे होते आणि चाचणी बहुधा लगेच घेतली जात असे. निवेदनाची भाषा ही विद्यार्थ्याची सवयीची भाषा आहे, हे तेथे गृहीत होते. आपल्या वर्गात नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

३. महाराष्ट्रातील तीन उदाहरणे

सिद्धांताची चर्चा पुढे नेण्यापूर्वी आपल्याकडे शब्द आणि चित्र यांची सांगड कशी घातली गेली, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिले उदाहरण चित्रकथीचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही परंपरा जतन केली आहे. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो, त्यातील प्रसंग गाऊन व बोलून सांगतो आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र घेतो. ही परंपरा टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मेयर यांच्या परिभाषेत बोलायचे, तर येथे ज्ञानेंद्रिय-विभागणी आहे, कारण चित्र डोळ्यांसाठी आणि शब्द कानांसाठी आहे. काळाचे सान्निध्य आहे, कारण जो प्रसंग बोलला जातो तोच समोर असतो. विभाजनही आहे, कारण कथा चित्रागणिक तुटते आणि गतीचे नियंत्रण समोरच्या श्रोत्यांकडे पाहणाऱ्या माणसाच्या हाती असते. मात्र चित्रकथीचा श्रोता राम, सीता, अर्जुन यांना आधीपासून ओळखतो. नवी संज्ञा शिकवणे हे तिचे प्रयोजन नाही. म्हणून लिखित शब्दावाचून तिचे काही अडत नाही.

दुसरे उदाहरण बालचित्रवाणीचे. इन्सॅट योजनेच्या काळात देशातील सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाल्या. त्यांपैकी महाराष्ट्रातील पुण्याची संस्था १९८४ पासून ‘बालचित्रवाणी’ या नावाने ओळखली गेली. दूरदर्शनवरील तिचे मराठी कार्यक्रम एका संपूर्ण पिढीच्या शालेय आठवणींचा भाग आहेत. २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली. तिच्या कार्यक्रमांचे कलात्मक मूल्यमापन हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की, प्रक्षेपण या माध्यमाची मर्यादा तिला ओलांडता येणे शक्य नव्हते. विद्यार्थ्याला कार्यक्रम थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. न कळलेला शब्द निघून गेला की गेला. चित्रकथ्याच्या हाती असलेली गती येथे वेळापत्रकाच्या हाती गेली. आज थांबवण्याची आणि मागे नेण्याची सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. तरीही आपण ई-पाठ रचतो ते जणू एकदाच प्रक्षेपित व्हायचे आहेत अशा रीतीने, म्हणजे सलग आणि विरामाविना.

तिसरे उदाहरण अरविंद गुप्ता यांच्या लघुपटांचे. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचे असंख्य लघुपट तयार केले. २०१८ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. बहुतेक लघुपट एक-दोन मिनिटांचे आहेत. पडद्यावर काम करणारे हात आणि वस्तू दिसतात, आणि हात जे करत आहेत तेवढेच निवेदक सांगतो. असंबद्ध असे काहीही नसते. शिवाय चित्रात मजकूर जवळजवळ नसल्यामुळे तीच दृश्ये कायम ठेवून केवळ निवेदन बदलता येते, आणि म्हणूनच हे लघुपट मराठीसह अनेक भाषांत पोहोचू शकले. बहुभाषिक प्रदेशासाठी सामग्री तयार करणाऱ्याने हा धडा विसरू नये : ज्या चित्रात मजकूर कोरला जातो, ते चित्र त्या भाषेत अडकून पडते.

परंतु याही आदर्शाला मर्यादा आहे. चकती कशी फिरते हे हातांनी दाखवता येते. ‘भूमिज’ म्हणजे काय, हे तसे दाखवता येत नाही. संज्ञाप्रधान विषयात शब्द हा चित्राचा सोबती असतो आणि तो स्वतःही शिकण्याचा विषय असतो. या ठिकाणी तिन्ही उदाहरणे आपली साथ सोडतात, आणि नेमका येथूनच महाविद्यालयीन पाठाचा खरा प्रश्न सुरू होतो.

४. अंबरनाथचे मंदिर : एका पाठाची कसोटी

हा प्रश्न ठोस स्वरूपात पाहण्यासाठी वालधुनी नदीकाठच्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे उदाहरण घेऊ. आपले विद्यार्थी या मंदिरावरून जातात-येतात, महाशिवरात्रीच्या यात्रेला जातात. चित्र त्यांच्या परिचयाचे आहे, शब्द परिचयाचे नाहीत.

मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणी याचा उल्लेख आहे. प्रारंभीच्या एका वाचनात हा आकडा ७८२ असा वाचला गेला होता, आणि त्यामुळे मंदिर दोनशे वर्षांनी जुने ठरत होते. पुढे ९८२ हे वाचन मान्य झाले. झिजलेल्या दगडावरील एका अंकाची ही गोष्ट आपल्या विषयासाठी बोलकी आहे. चित्र स्वतःहून काही सांगत नाही, ते वाचावे लागते आणि वाचन चुकू शकते. पाठात या लेखाचे केवळ छायाचित्र दाखवून ‘हा पाहा शिलालेख’ असे म्हणणे म्हणजे विद्यार्थ्याला काहीच न दाखवणे होय. त्याऐवजी तो एक अंक ठळक करून, त्याची दोन वाचने शेजारी शेजारी ठेवली, तर पुरालेखविद्या म्हणजे काय, हे काही क्षणांत उमगते.

दुसरा मुद्दा शब्दाने चित्राची दिशाभूल करण्याचा. अंबरनाथचे मंदिर ‘हेमाडपंती’ आहे, असे वाक्य पुष्कळ ठिकाणी सर्रास आढळते. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला. मंदिर त्याच्या आधी दोन शतके उभे राहिलेले. चुन्याविना दगड बसवण्याच्या पद्धतीला उद्देशून हा शब्द सैलपणे वापरला जातो हे मान्य केले, तरी मंदिराची शैली सांगताना तो विद्यार्थ्याला चुकीच्या शतकात नेऊन सोडतो. रोलाँ बार्थ यांनी १९६४ सालच्या आपल्या निबंधात चित्राखालचा शब्द नांगरासारखे काम करतो, असे म्हटले आहे. चित्राचे अनेक संभाव्य अर्थ असतात. शब्द त्यांपैकी एकाला घट्ट धरून ठेवतो. नांगर चुकीच्या जागी पडला, तर चित्र कितीही सुस्पष्ट असले तरी वाचन चुकतेच. बहुमाध्यम सामग्रीच्या तांत्रिक चर्चेत हा मुद्दा हमखास निसटतो. चित्राची गुणवत्ता आणि ध्वनीची गुणवत्ता तपासली जाते. नांगर कोठे पडला आहे, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

तिसरा मुद्दा चित्राच्या प्रकाराचा. मंदिराचे शिखर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखरावर खालून वर जाणारे उभे पट्टे असतात, त्यांना लता म्हणतात, आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान शिखरांच्या प्रतिकृती उभ्या-आडव्या ओळींत रचलेल्या असतात. छायाचित्रात हे सर्व असते, परंतु झीज, सावल्या, पडझड आणि शिल्पांची दाटी यांच्यासह असते. नवशिक्याच्या डोळ्याला त्यातून रचना वेगळी काढता येत नाही. छायाचित्रावरच लतांच्या कडा एका रंगाने आणि प्रतिकृतींच्या ओळी दुसऱ्या रंगाने, निवेदनाच्या ओघात क्रमाने उमटत गेल्या, तर तेच छायाचित्र बोलू लागते. गाभाऱ्याच्या बाबतीत छायाचित्र तर सर्वस्वी असमर्थ ठरते. या मंदिराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे. सुमारे वीस पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. वर शिखर चढत जाते आणि खाली गाभारा उतरत जातो, हा संबंध कोणत्याही एका जागी उभे राहून टिपता येत नाही. त्यासाठी उभा छेद दाखवणारे रेखाचित्रच हवे.

ही गोष्ट नवी नाही. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली या मंदिराचे सर्वेक्षण झाले. त्या कामात छायाचित्रांवर विसंबून न राहता मोजमापे, रेखाटने आणि साचेही तयार करण्यात आले. कोणते चित्र कोणत्या ज्ञानासाठी, हा विवेक त्या कामात होता. दीडशे वर्षांनंतर ड्रोनने घेतलेल्या चित्रफितीने आपण भारावून जातो आणि छेदचित्र मात्र विसरतो. ड्रोनचे दृश्य मंदिराची भव्यता सांगते. अभ्यासक्रमातील प्रश्न मंदिराच्या रचनेवर असतो.

५. पुनरुक्तीच्या तत्त्वाची मर्यादा

आता मूळ पेचाकडे वळू. उपर्युक्त पाठात निवेदनाचा मजकूर पडद्यावर द्यावा की देऊ नये?

मेयर यांचे उत्तर ‘देऊ नये’ असे आहे, आणि त्यामागील कारण भक्कम आहे. डोळा एकच असल्याने तो मजकुराकडे गेला की चित्रावरून हटतो. शिवाय ऐकलेले आणि वाचलेले सारखेच आहे ना, हे ताडून पाहण्यात शक्ती खर्च होते. वर्गातील आमच्या निरीक्षणाने याला दुजोराच मिळतो.

याच्या नेमके विरुद्ध दिशेने जाणारा एक भारतीय प्रयोग आहे. ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून समभाषी उपशीर्षकांची कल्पना पुढे आणली. चित्रपटगीताचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर गाण्याबरोबर दाखवायचे, म्हणजे नवसाक्षरांना वाचनाचा सराव घडतो, असा तिचा उद्देश होता. १९९९ मध्ये गुजराती ‘चित्रगीत’ आणि २००२ पासून ‘चित्रहार’ या दूरदर्शनच्या कार्यक्रमांत ती अमलात आली. मेयर यांच्या कसोटीने ही निव्वळ पुनरुक्ती आहे. तरीही ती निरर्थक नाही. कारण गाणे प्रेक्षकाला आधीच पाठ असते. कानावर पडणारा शब्द ओळखीचा, डोळ्यांसमोरचे अक्षर मात्र अनोळखी, आणि शिकायचे असते ते अक्षर. येथे लिखित शब्द हे शिकण्याचे साधन नसून साध्य आहे.

या दोन भूमिकांत वरवर विरोध दिसतो. परंतु ‘पडद्यावरचा शब्द साधन आहे की साध्य?’ असा प्रश्न विचारला की विरोध मावळतो. ‘या मंदिराभोवती सुंदर परिसर आहे’ या वाक्यातील शब्द केवळ साधन आहेत, ते छापण्याचे कारण नाही. ‘जंघा’, ‘अधिष्ठान’, ‘लता’, ‘भूमिज’ हे शब्द मात्र साध्य आहेत. विद्यार्थ्याने ते ओळखायचे आहेत, उच्चारायचे आहेत आणि परीक्षेत अचूक लिहायचे आहेत. केवळ कानाने ऐकलेला ‘भूमिज’ हा शब्द उत्तरपत्रिकेत कोणकोणती रूपे घेतो, हे परीक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

मेयर यांनीही आपल्या तत्त्वाला मर्यादा घातलेल्या आहेत, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. शब्द पारिभाषिक असतील, विद्यार्थी निवेदनाच्या भाषेत पारंगत नसेल किंवा गतीचे नियंत्रण त्याच्या हाती असेल, तर छापील शब्दांवरील आक्षेप सौम्य होतो, असे त्यांच्या ग्रंथातच मांडलेले आहे. २००८ साली मेयर व जॉन्सन यांनी केलेल्या अभ्यासात चित्राच्या संबंधित भागाशेजारी दोन-तीन शब्दांचा मजकूर दिल्यास तो स्मरणाला उपकारक ठरतो, असे आढळले. मात्र त्या शब्दांनी माहितीचे नव्या परिस्थितीतील उपयोजन सुधारले नाही, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडील कार्यशाळांतून तत्त्वांची यादी पोहोचते, त्यांच्या मर्यादा पोहोचत नाहीत, अशी खंत व्यक्त करावीशी वाटते. दुसरीकडे, परभाषिक विद्यार्थी आहेत म्हणून संपूर्ण उपशीर्षके दिली की काम झाले, असेही म्हणता येणार नाही. त्याविषयीचे संशोधनातील निष्कर्ष एकमुखी नाहीत.

आपल्या पट्ट्याच्या संदर्भात आणखी एक पदर आहे, तो लिपीचा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी भाषा अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते, आणि भारतात कोणती लिपी स्वीकारावी यावर दीर्घकाळ वाद झाला. अशा घरातील विद्यार्थी सिंधी बोलतो, पण ती वाचू शकतोच असे नाही. तो देवनागरी वाचतो ती मराठी-हिंदीमुळे आणि रोमन वाचतो ती इंग्रजीमुळे. भाषा समजणे आणि तिची लिपी वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. छापील मजकूर आणि उच्चारित मजकूर यांना परस्परांचा पर्याय मानणारी कोणतीही उपपत्ती येथे अपुरी पडते. या विद्यार्थ्यासाठी उच्चारित सोपी हिंदी किंवा मराठी आणि देवनागरी व रोमन या दोन्ही लिप्यांत छापलेली संज्ञा, हा मेळ अधिक उपकारक ठरेल, असे वाटते. हे अनुमान आहे. ते प्रत्यक्ष वर्गात तपासले गेले पाहिजे.

येथे कोमेनिअसच्या क्रमांकाची आठवण होते. चित्रावर संपूर्ण मजकूर न कोरता केवळ क्रमांक किंवा संज्ञेची लहान नामपट्टी ठेवावी. ती शब्द उच्चारला जाताच उमटावी. आणि त्याच क्रमांकांची द्विभाषिक संज्ञासूची स्वतंत्र पानावर द्यावी. असे केल्यास चित्र भाषेच्या कैदेतून मुक्त राहते आणि विद्यार्थ्याला लिहावयाचा शब्दही डोळ्यांसमोर मिळतो. अरविंद गुप्ता यांच्या लघुपटांचा मोकळेपणा आणि पाठ्यपुस्तकाची नेमकी परिभाषा यांचा मेळ अशा रीतीने साधता येईल.

६. सान्निध्य आणि मूल्यमापन

सान्निध्याच्या तत्त्वाची एक अनपेक्षित कसोटी अलीकडे लागली आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर सुरू केला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. छापील पानाला चलत्चित्राची जोड देणारी ही योजना निःसंशय महत्त्वाची आहे. परंतु तिच्यामुळे शब्द एका वस्तूवर आणि चित्र दुसऱ्या वस्तूवर, अशी विभागणीही होते. विद्यार्थ्याची नजर पुस्तकातून मोबाइलकडे आणि परत अशी फिरत राहते. पुस्तकातील आकृती आणि चित्रफितीतील आकृती यांत समान क्रमांक, समान रंग आणि समान संज्ञा असतील, तरच हे अंतर भरून निघते. हे पाहणे निर्मात्याचे काम आहे आणि ते तंत्रज्ञाचे नसून विषयशिक्षकाचे आहे.

महाविद्यालयीन स्तरावर हीच जबाबदारी चार विभागांच्या ई-आशयाच्या रूपाने आली. २०१७ साली ‘स्वयम्’ या मंचाचा प्रारंभ झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत चार विभागांतील संपूर्ण अभ्यासक्रमाच्या ई-आशयासाठी १२ आणि प्रत्येक घटकासाठी ५ गुण ठेवण्यात आले. शिक्षकाच्या या श्रमाची दखल घेतली गेली, हे स्वागतार्हच होते. परंतु ज्याची मोजणी होते त्याचीच निर्मिती होते, आणि येथे मोजणी घटकांच्या संख्येची झाली. व्याख्यानाच्या टिपणांचे सरकपट्ट्यांत रूपांतर करून त्यावर आपला आवाज चढवला की घटक तयार होतो. २०२० च्या टाळेबंदीत तर याला पर्यायही नव्हता, आणि त्या काळात जे साधले त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तातडीच्या काळातील तडजोड हीच कायमची रीत ठरू नये.

शोधनिबंधाचे समकक्ष परीक्षण होते, तसे ई-पाठाचेही व्हावे. त्यासाठी परीक्षकाने पुढील प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. चित्र काढून टाकले, तर पाठाचे काही बिघडते काय? बिघडत नसेल, तर ते चित्र सजावट आहे. मजकूर काढून टाकला, तर विद्यार्थी कोणत्या संज्ञांना मुकतो? तेवढ्याच ठेवाव्यात. प्रत्येक संज्ञा चित्रातील ज्या भागाची आहे त्याच्या शेजारी आणि उच्चाराच्या क्षणी येते काय? छायाचित्राऐवजी रेखाचित्र अधिक उपयुक्त ठरले असते काय? चित्राला दिलेले नाव विषयाच्या दृष्टीने बिनचूक आहे काय? आणि शेवटी, वेगळ्या भाषेतील शिक्षकाला हीच चित्रे वापरता येतील काय?

७. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, शैक्षणिक बहुमाध्यमात शब्द आणि चित्र यांचे एकत्र असणे महत्त्वाचे नसून त्यांच्यातील श्रमविभागणी महत्त्वाची आहे. चित्राने जे दाखवता येते ते शब्दाने सांगत बसू नये, आणि शब्दावाचून जे कळत नाही ते चित्रावर सोपवू नये. पुनरुक्तीचे तत्त्व संपूर्ण निवेदनाच्या बाबतीत ग्राह्य आहे. पारिभाषिक संज्ञेच्या बाबतीत मात्र बहुभाषिक वर्गात ते शिथिल करावे लागते, कारण तेथे लिखित शब्द हेच अध्ययनाचे साध्य असते.

प्रास्ताविकात वर्णिलेल्या वर्गाला पुढील आठवड्यात तेच छायाचित्र मजकुराविना दाखवले. शिखराच्या भागांवर पाच क्रमांक आणि फळ्यावर त्याच क्रमांकांच्या पाच संज्ञा देवनागरी व रोमन लिपीत, एवढीच सामग्री होती. यावरून कोणताही निष्कर्ष काढण्याचा इरादा नाही. परंतु रोज अंबरनाथ स्थानकावरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न येथे नोंदवावासा वाटतो : “सर, क्रमांक तीनच्या वर काहीच का नाही? शिखर पुरे झालेच नाही की नंतर पडले?” आधीच्या वीस मिनिटांत हा प्रश्न कोणालाही पडला नव्हता. तो पडण्यासाठी तिला त्या चित्राकडे पाहायला मिळणे आवश्यक होते.